कृत्रिम प्रकाशातील वनौषधी लागवड (कोरड्या हवेतील)

सूर्यप्रकाशाऐवजी किंवा त्याच्या जोडीला विजेच्या दिव्यांचा उजेड देऊन, हवेत बाष्प कमी असलेल्या बंदिस्त जागेत औषधी वनस्पती वाढविण्याची पद्धत. तुळस, सब्जा, पुदिना, पानओवा, कोरफड आणि क्वचित अश्वगंधा यांची अशी लागवड होते. मराठवाड्यातला उन्हाळा, वातानुकूलित खोल्या आणि थंड देशांतली हिवाळ्यात तापवलेली घरे या तिन्ही ठिकाणी अडचण एकाच जातीची असते. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांत तुळशीचे रोप हिवाळ्यात जगवण्याची धडपड ठाऊक नसलेले घर विरळाच.

विजेच्या उजेडावर वनस्पती प्रथम कोणी वाढविल्या, याबद्दल एकमत नाही. इंग्रजी ग्रंथांचा कल विल्यम सीमेन्स (१८२३–८३) यांच्याकडे आहे. टनब्रिज वेल्सजवळच्या आपल्या घरी त्यांनी कार्बन-ज्योतीचे दिवे (आर्क दिवे) लावून प्रयोग केले आणि १८८० साली ते रॉयल सोसायटीपुढे मांडले. परंतु १८६१ मध्ये फ्रान्सच्या एर्वे मांगाँ यांनी विजेच्या उजेडात पानांत हरितद्रव्य तयार होते हे दाखविले होते आणि १८६८ च्या सुमारास रशियाच्या आंद्रेय फामिन्त्सिन यांनी रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात प्रकाशसंश्लेषण चालते असे दाखविले. वाद खरे तर ‘वाढविणे’ या शब्दाचा आहे. पान हिरवे होणे, त्यात पिष्ट साठणे आणि रोप फळापर्यंत पोहोचणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीपुरता सीमेन्स यांचा दावा अधिक भक्कम वाटतो, तरी त्यांच्या बऱ्याच रोपांना दिवसा ऊन आणि रात्री दिवा असा दुहेरी उजेड मिळत होता हे विसरता येत नाही.

सीमेन्स यांचे एक निरीक्षण वनौषधींच्या दृष्टीने अग्रक्रमापेक्षा मोलाचे आहे. उघड्या ज्योतीजवळ पाने करपत आणि मध्ये काच धरली की बचावत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात लिबर्टी हाइड बेली यांनाही १८९० च्या आसपास हेच आढळले. काच अडवीत होती ते जंबुपार (अतिनील) किरण. यांतील ‘ब’ पट्ट्याचे किरण थोड्या मात्रेत दिले तर सब्जाच्या पानांतील सुगंधी तेल लक्षणीय वाढते, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. खिडकीची काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते आणि बाजारातील बहुतेक एलईडी दिव्यांत ते नसतातच. खिडकीतली तुळस हिरवीगार असूनही चुरगळल्यावर अंगणातल्या तुळशीइतकी उग्र का वाटत नाही, याचे निदान एक कारण येथे असावे. मात्र हे किरण डोळ्यांना व त्वचेला घातक असल्यामुळे घरगुती लागवडीत ते वापरू नयेत.

पुढे १९२० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ गार्नर व ॲलार्ड यांनी दिवसमानाचा फुलोऱ्यावर होणारा परिणाम सिद्ध केला. तांबडे एलईडी १९९० नंतर लेट्यूसवर वापरले गेले आणि निळ्या एलईडीच्या शोधामुळे (भौतिकीचे नोबेल, २०१४) पांढरा व किफायतशीर उजेड मिळू लागला.

प्रकाशाची मात्रा : येथे डोळा हमखास फसवतो. दिवाणखान्यातला ३०० लक्स उजेड माणसाला वाचायला पुरतो, पण वनस्पतीच्या हिशेबात तो प्रति चौ. मी. प्रति सेकंद सुमारे ४ ते ५ मायक्रोमोल (मोल हे प्रकाशकणांची संख्या मोजण्याचे एकक, मायक्रोमोल त्याचा दशलक्षांश) इतकाच असतो. भर दुपारचे ऊन २,००० च्या घरात जाते. पालेदार वनौषधींना २०० मायक्रोमोल उजेड १६ तास दिला, तर दिवसाकाठी सुमारे ११.५ मोल प्रकाश मिळतो. एका ज्यूलमागे २.५ मायक्रोमोल देणारा चांगला एलईडी धरला, तर एक चौ. मी. जागेला ८० वॉट, म्हणजे दिवसाला १.२८ युनिट वीज लागते. पुदिन्याला मोठा दिवस मानवतो. दिवस लहान झाला की त्याच्या तेलाचा दर्जा बदलतो व मेंथोफ्युरान हा नकोसा घटक वाढतो. महाराष्ट्रात शेवंतीच्या शेतात रात्री बल्ब लावतात तो उजेड याहून फार मंद असतो. त्यामुळे रोपाचे पोट भरत नाही, फक्त रात्र तुटते व फुलोरा लांबतो. या दोन वापरांची गल्लत अनेक माहितीपत्रकांत दिसते.

हवेचा कोरडेपणा : मातीचा कोरडेपणा आणि हवेचा कोरडेपणा वेगळे मोजावे लागतात. शून्याखाली १० अंशांची बाष्पाने भरलेली हवा घरात २२ अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता जेमतेम १०-११ टक्के उरते. स्वयंपाक व आंघोळीच्या वाफेने ती पुन्हा काहीशी वाढते. वनस्पतीला जाणवते ती बाष्पदाबातील तूट, म्हणजे हवा बाष्पाने पूर्ण भरण्यास जेवढा बाष्पदाब कमी पडतो तेवढी. २५ अंशांवर ६० टक्के आर्द्रतेला ही तूट १.२७ किलोपास्कल असते आणि २५ टक्क्यांना २.३८, म्हणजे जवळजवळ दुप्पट. मुळांशी पाणी असूनही पान मलूल होते, पाहणारा आणखी पाणी घालतो आणि मुळे कुजतात. तुळशीची जितकी रोपे तहानेने जातात, तितकीच या मायेने जात असावीत.

कुंडीच्या काठावर पांढरा खार चढणे आणि पानांच्या कडा तपकिरी होणे ही क्षार साठल्याची खूण. बोअरच्या जड पाण्याने हे लवकर होते. पानाच्या पाठीवर बारीक जाळी दिसली आणि पान वरून ठिपक्याठिपक्यांनी फिकट पडले, तर तो लाल कोळी (कोळ्याच्या जातीची सूक्ष्म कीड) समजावा. कोरड्या उबेत त्याची पैदास झपाट्याने होते. पाने उलटून साध्या पाण्याने धुणे हा पहिला उपाय. नुसत्या फवाऱ्याचा ओलावा काही मिनिटांतच उडतो. कुंड्या एकमेकींजवळ ठेवणे, कोकोपीट व गांडूळखतावर सुक्या पाल्याचे आच्छादन घालणे आणि तापणाऱ्या सोडियम दिव्याऐवजी एलईडी वापरणे यांचा परिणाम टिकाऊ असतो, कारण पान तापले की तूट आणखी वाढते.

कोरडेपणाने गुण वाढतो का : जांगल म्हणजे कोरड्या, किंवा साधारण (ना फार कोरड्या, ना फार दमट) देशातील औषधी घ्यावी, असे चरकसंहितेच्या कल्पस्थानात म्हटले आहे. तेथे ऊन-वारा-पाणी यथाकाल मिळालेली आणि मोठ्या झाडांनी न दडपलेली वनस्पती अभिप्रेत आहे. आधुनिक संशोधनात ताणाखालील वनस्पतींत औषधी द्रव्यांची टक्केवारी वाढल्याचे वारंवार नोंदले गेले आहे. एका मताप्रमाणे हा केवळ आटण्याचा परिणाम होय. कल्पनेसाठी, २० ग्रॅम सुक्या पाल्यात ०.६ टक्के तेल म्हणजे १२० मिलिग्रॅम. ताण दिल्यावर पाला १२ ग्रॅम भरला आणि तेल ०.९ टक्के झाले, तर हाती येते १०८. टक्केवारी वाढली, तेल घटले.

दुसरे मत जर्मनीतील डिर्क झेल्मार व सहकाऱ्यांचे. पाण्याच्या ताणाने पर्णरंध्रे मिटतात, कर्बवायू आत येत नाही, पण उजेड मात्र पडतच राहतो. त्यातून साचलेली क्षपणशक्ती (उजेडातून मिळालेली, पण कर्बवायूअभावी न वापरली गेलेली रासायनिक शक्ती) वनस्पती टर्पीन, फिनॉल यांसारखी द्रव्ये बनवण्यात खर्च करते. सेज या सुगंधी वनौषधीवरील त्यांच्या प्रयोगांत तेलाची वाढ पाल्याची घट भरून काढण्याइतकी होती. हे मत अधिक ग्राह्य वाटते, पण त्याची अट उजेडाची आहे. मंद दिव्याखाली साचण्याजोगे काही उरतच नाही, म्हणून तेथे पाणी तोडल्यास रोप नुसते खंगेल असे मानण्यास जागा आहे. लागवडीचे यश टक्केवारीत न सांगता दर रोपामागे व दर युनिट विजेमागे सांगितले जावे, ते याचसाठी.

वनस्पतीनिहाय : कोरफड रात्री रंध्रे उघडते. तिला कोरडी हवा सोसते, पण दिवा अहोरात्र जळता ठेवू नये. पानओव्याचे मांसल पान तूट बऱ्यापैकी सहन करते. गवती चहाला उजेड फार लागतो, दिव्याखाली तो लांबट व लुळा होतो. मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागात पिकणारी अश्वगंधा कोरडवाहू खरी, परंतु तिचे मूळ तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात आणि विजेचा खर्च पाहता दिव्याखाली ती केवळ रोपांपुरती परवडते. ब्राह्मी दलदलीची असल्यामुळे या पद्धतीत बसत नाही.

तुळशीची मंजिरी दिसताच खुडल्यास पाला वाढत राहतो. काढलेला पाला कोरड्या हवेत पातळ पसरला तर लवकर कुरकुरीत होतो. तो दिवे ज्या मांडणीवर आहेत तिथे न ठेवता अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात ठेवावा, कारण उबेने तेल उडते.