दोन चॅनलचं गाणं पाच स्पीकरवर: रिसीव्हर नेमकं काय करतो?

होम थिएटर बसवून दिल्यावर आठवड्याभरात बहुतेक घरांतून हाच प्रश्न येतो: "सिनेमाला मागचे स्पीकर मस्त वाजतात, मग गाण्यांना का नाही?"

सिनेमाचा ट्रॅक ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांच्यासाठी वेगवेगळा आवाज) असेल तर मागच्या स्पीकरसाठी वेगळा आवाज त्यात भरलेलाच असतो. गाणी मात्र बहुतेक स्टिरिओ, म्हणजे डावा आणि उजवा एवढे दोनच चॅनल. बाकीच्या स्पीकरना काय द्यायचं ते रिसीव्हरला, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य डब्याला, या दोनांतूनच काढावं लागतं. या कामाला अपमिक्सिंग म्हणतात. त्यात नवा आवाज तयार होत नाही, आहे तोच निवडून वेगळा केला जातो.

बेरीज, वजाबाकी आणि गळती

गायकाचा आवाज सहसा दोन्ही चॅनलमध्ये सारखाच असतो. डावा आणि उजवा यांची बेरीज केली की तो ठळक होतो, म्हणून बेरीज मधल्या स्पीकरला जाते. डाव्यातून उजवा वजा केला की सारखं असलेलं सगळं कटतं आणि फरक तेवढा उरतो: सभागृहाचा घुमारा, टाळ्या, दोन्हीकडे पसरलेला कोरस. तो मागे जातो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले ऑडिओ अभियंता डेव्हिड हाफलर यांची जोडणी गाजली, ती याच तत्त्वावर. मागचे स्पीकर ॲम्प्लिफायरच्या दोन पॉझिटिव्ह टर्मिनलांच्या मध्ये जोडायचे, बस्स. वेगळं सर्किट नाही. (घरी करून पाहू नका. आजच्या कितीतरी ॲम्प्लिफायरना हे सोसत नाही.)

यात एक मोठी खोट होती. फक्त डावीकडे ठेवलेला तबला बेरजेतही येतो आणि वजाबाकीतही. म्हणजे तो मधूनही वाजतो, मागूनही, आणि मूळ जागेपेक्षा जेमतेम ३ डेसिबलने हळू. डॉल्बी कंपनीच्या १९८७च्या प्रो लॉजिक तंत्राने यावर उपाय केला: त्या क्षणी कुठल्या दिशेचा आवाज वरचढ आहे ते ओळखायचं आणि बाकीच्या स्पीकरमधली त्याची गळती दाबायची. मागचा आवाज मुद्दाम काही मिलिसेकंद उशिरा सोडला जाई. जो आवाज कानावर आधी पडतो त्याचीच दिशा मेंदू खरी धरतो, त्यामुळे मागे गळलेला संवादही पुढूनच आल्यासारखा वाटे. तरी मागचा चॅनल मोनोच, म्हणजे डावा-उजवा भेद नसलेला एकच होता, आणि त्यातले ७ किलोहर्ट्झच्या वरचे बारीक आवाज कापलेले. २००० साली आलेल्या प्रो लॉजिक २ मध्ये मागे डावा-उजवा वेगळा झाला.

आजचे अपमिक्सर हीच निवड अनेक फ्रिक्वेन्सी-पट्ट्यांत (खर्जापासून बारीक आवाजापर्यंतच्या भागांत) स्वतंत्रपणे करतात. त्यामुळे एकाच क्षणी गळा मध्ये, झांजा उजवीकडे आणि घुमारा मागे राहू शकतो.

हा बिघाड नव्हे

जुनी भावगीतं, नाट्यपदं मोनो असतात. दोन्ही चॅनल सारखे, वजाबाकी शून्य, म्हणून मागचे स्पीकर गप्प. ते बरोबरच आहे. मात्र मोनो एलपी स्टिरिओ पिनवर लावली तर खरखर दोन्ही चॅनलमध्ये सारखी नसते, म्हणून ती मागे जाऊन बसते. प्रीॲम्पवर (रेकॉर्ड प्लेअरचा सिग्नल वाढवणाऱ्या डब्यावर) मोनोचं बटण असेल तर ते दाबा.

कॅसेटमधले "स" आणि "श" मागून फिसफिसत असतील तर प्लेअरचं हेड (टेप वाचणारा भाग) तिरकं बसलेलं असण्याची शक्यता जास्त. ते सरळ करून घ्या. आणि कमी बिटरेटचं, म्हणजे फार दाबून छोटं केलेलं एमपी३ वाजवताना मागून बुडबुड्यांसारखा आवाज येतो. फाइल छोटी करताना फरकाच्या भागाची बऱ्याचदा सगळ्यात जास्त काटछाट होते, आणि अपमिक्सर नेमका तोच भाग उघडा पाडतो. याला आमच्याकडेही इलाज नाही, चांगली फाइल शोधा.

मोड कुठला?

"ऑल चॅनल स्टिरिओ" म्हणजे अपमिक्सिंग नव्हे. त्यात तेच गाणं सगळ्या स्पीकरना वाटलं जातं. आवाज मोठा वाटतो म्हणून लोकांना आवडतो. हळदी-कुंकवाला किंवा वाढदिवसाला ठीक, पण बसून ऐकायला नको. त्यासाठी "डॉल्बी सराउंड" किंवा "डीटीएस न्यूरल एक्स" निवडा. डॉल्बीत "सेंटर स्प्रेड" चालू केलं की गाणं मधल्या स्पीकरात कोंडल्यासारखं वाटत नाही.

मागच्या स्पीकरची पातळी बहुतेक जण वाढवून ठेवतात. आमचं मत उलटं आहे: मागून काही वाजतंय हे जाणवलं, तर पातळी जास्त झाली. ते बंद केल्यावर खोली आकसल्यासारखी वाटली पाहिजे, इतकंच. ख्याल किंवा सतारीचं रेकॉर्डिंग चांगलं असेल तर आम्ही स्वतः साधा स्टिरिओच लावतो.

तरी काही खटकलं तर गाणं चालू असताना रिसीव्हरच्या डिस्प्लेचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. आत कुठला सिग्नल येतोय आणि कुठला मोड लागलाय ते त्यात दिसतं, आणि बऱ्याच वेळा माणूस पाठवायची गरजच पडत नाही.