किशोरवयीन मुलींमधलं मद्यपान आणि लैंगिक जोखीम (पुणे)

१० ते १९ वयातल्या मुली दारू पितात किंवा त्यांना पाजली जाते, तेव्हा निरोध न वापरता संबंध, मनाविरुद्ध संबंध, नको असलेला गर्भ, एचआयव्ही आणि इतर गुप्तरोग यांचा धोका वाढतो. मुलींच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, पोटात दारू मोडणारं एन्झाइमही कमी, म्हणून मुलाइतकीच घेतली तरी जास्त चढते, त्यात मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयारच होत असतो. नशेत समोरचं तेवढंच दिसतं, उद्याचं दिसत नाही, हे क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडलं. पण सगळा दोष दारूचा नाही, घरातली मारहाण किंवा लहानपणी झालेलं शोषण असेल तर दारू आणि लैंगिक जोखीम या दोन्ही गोष्टी एकदमच आयुष्यात येतात.

महाराष्ट्रात वाइन आणि माइल्ड बिअरला २१, बाकी दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. तरी मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला झालेल्या कार अपघातानंतर गाडी चालवणाऱ्या १७ वर्षांच्या मुलाला पबमध्ये दारू मिळाल्याचं समोर आलं, आणि फ्लॅटवरच्या किंवा फार्महाऊसच्या पार्टीत तर वय विचारणारं कोणीच नसतं.

"ती प्यायली होती ना, मग?" हा प्रश्नच चूक आहे. पोक्सो कायद्यात (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा, २०१२) १८ च्या आतल्या मुलीची संमती धरतच नाहीत, आणि वय कितीही असो, काय चाललंय हेच कळत नसेल इतक्या नशेतला होकार हा होकार नसतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते गप्प राहण्याने, कारण गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्ही रोखणारी औषधं (पुढे २८ दिवस घ्यायची) दोन्ही ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकं लवकर तितकं बरं, आणि आईबाबांना कळेल, होस्टेलवरून काढतील या भीतीत पोरगी तेच तीन दिवस घालवते. अत्याचार झाला असेल तर सरकारी असो वा खाजगी, हॉस्पिटलला फुकट उपचार द्यावेच लागतात, आधी एफआयआर आणा म्हणता येत नाही. डॉक्टरांना पोक्सोखाली पोलिसांना कळवावं लागतं खरं, पण गर्भपाताच्या बाबतीत मुलीने आणि पालकांनी सांगितलं तर तिचं नाव उघड करायची गरज नाही, असं सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

मदतीसाठी १०९८ (मुलांसाठी), १४४१६ (टेली मानस, मानसिक आरोग्यासाठी), सरकारी रुग्णालयांतली किशोरवयीनांसाठीची मैत्री क्लिनिकं. व्यसनच लागलं असेल तर पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे बायकांसाठी निशिगंध हा वेगळा विभागही आहे.