उभी गाडी, उतरती बॅटरी

विटा, खानापूर, आटपाडी भागात कित्येक घरं वर्षाचे बरेच महिने कुलपात असतात. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यातली माणसं देशभर पांगलेली. जत्रा, दिवाळी, लग्नसराईला गावाकडं येतात. हल्ली या घरांच्या कडेला पत्र्याची शेड आणि शेडमध्ये एक चारचाकीही दिसते, गावी आल्यावर वापरायला ठेवलेली. पाटण-जावळीत मुंबईकर मंडळींचं तेच. माणूस हौसेनं चावी फिरवतो आणि गाडी नुसती टक-टक करते. मग शेजारच्या ट्रॅक्टरला केबल जोडा, गॅरेजवाल्याला फोन करा. दोन-तीनदा असं झालं की नवी बॅटरी टाका.

शेडमध्ये प्लग असता तर चार्जर लावून मोकळं होता आलं असतं. पण शेड लांब, नाहीतर घराचं मीटरच बंद. अशा वेळी जो तो बॅटरी भरायची कशी याच्या मागं लागतो. ती रिकामी कशानं होते, हे मात्र फारसं कुणी मोजत नाही. आणि सगळं गणित तिथंच आहे.

कुलूप लावून उभी केलेली गाडी पूर्ण झोपत नाही. सेंट्रल लॉक रिमोटच्या सिग्नलची वाट बघत जागं असतं, घड्याळ चालतं, इंजिनच्या कॉम्प्युटरची मेमरी जपली जाते. हे सगळं मिळून साधारण २० ते ५० मिलीॲम्पिअर ओढतं. ३० धरू, म्हणजे ०.०३ ॲम्पिअर. त्याला दिवसाच्या २४ तासांनी गुणलं की ०.७२ ॲम्पिअर-तास, महिन्याचे साडेएकवीसच्या आसपास. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते ३५ ॲम्पिअर-तासांची. एका महिन्यात निम्म्याहून जास्त गेली! वर कुणी जीपीएस ट्रॅकर किंवा डॅशकॅम बसवला असेल तर बघायलाच नको.

दुसरी गळती बॅटरीच्या पोटातली. काहीही न जोडता ठेवली तरी ती २५ अंश तापमानाला महिन्याला सुमारे ३ ते ५ टक्के उतरते, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की हा वेग जवळपास दुप्पट होतो. मे महिन्यात जत-आटपाडीकडं तापलेल्या पत्र्याखाली काय होत असेल, ते सांगायला नको.

उतरलेली बॅटरी पुन्हा भरता येते, मग एवढी काळजी कशाला? इथं रसायनशास्त्र आडवं येतं. १८५९ साली फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी शिसं आणि गंधकाम्लाची बॅटरी बनवली, आणि आजच्या बहुतेक गाड्यांत मुळात तीच आहे. बॅटरी वीज देते तेव्हा तिच्या दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमतं आणि आम्ल पातळ होत जातं. लगेच चार्ज केली तर हे सल्फेट पुन्हा मोकळं होतं. पण आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर बारीक स्फटिक विरघळून मोठ्या स्फटिकांवर चढत जातात. पिठीसाखर पाण्यात टाकताच विरघळते आणि खडीसाखर बराच वेळ तशीच बसून राहते, तसा हा फरक. मोठ्या स्फटिकांना पुरेसा पृष्ठभाग नसतो, म्हणून चार्जर लावला तरी ते हलत नाहीत. तेवढा भाग कायमचा निकामी होतो. बॅटरी वापरून मरते त्यापेक्षा अर्धी रिकामी पडून लवकर मरते, असं म्हणायला हरकत नाही.

शंभर-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असावा. गाडी काही तास उभी राहिल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. १२.४ च्या खाली गेली की सल्फेटचं काम सुरू झालं समजा.

पहिला उपाय फुकटचा आहे: निगेटिव्हची केबल काढून ठेवा. गाडीची गळती शून्य होते, उरते ती फक्त पोटातली. बॅटरी भरलेली असेल तर थंडीचे दोन-तीन महिने आरामात निघतात. आधी निगेटिव्हच का? गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. आधी पॉझिटिव्ह खोलायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट. शेकडो ॲम्पिअर पान्यातून जातात. केबल काढल्यावर रिमोट चालणार नाही, तेव्हा दार चावीनं उघडतं का ते आधी बघून घ्या. काही गाड्यांत म्युझिक सिस्टिमचा कोडही लागतो.

“भाऊला सांगितलंय, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करतो.” हा सल्ला गावोगाव ऐकू येतो, पण त्याचा हिशोब जुळत नाही. स्टार्टर दोन सेकंद दीडशे ॲम्पिअर ओढतो, म्हणजे ०.१ ॲम्पिअर-तासही नाही, ते किरकोळ. पण आठवड्याची गळती ५ ॲम्पिअर-तासांची, आणि जागेवर दहा मिनिटं चाललेल्या इंजिनातून बॅटरीत १० ॲम्पिअर जात राहिले तरी भरणा होतो १.७ चा. वर इंजिन नीट तापत नसल्यामुळं सायलेन्सरमध्ये पाणी साठतं ते वेगळंच. भाऊला सांगायचंच असेल तर कऱ्हाडपर्यंत चक्कर मारून ये म्हणावं.

आता ऊन. शेडच्या छपरावर सौर पॅनेल लागतं, तेही फार छोटं. १० वॉटचं पॅनेल भर उन्हात अर्ध्या ॲम्पिअरच्या थोडं वर देतं. दिवसात चार तासांचं कडक ऊन धरलं तर दोनाच्या वर ॲम्पिअर-तास. गाडीची गळती, पोटातली गळती आणि पॅनेल-बॅटरीच्या मध्ये बसवायचा कंट्रोलर स्वतःला खाईल ते मिळून रोज एकच्या आसपास. म्हणजे दुपटीनं पुरतं.

मोबाइल चार्ज करायचं पाच व्होल्टचं पॅनेल इथं चालत नाही. १२ व्होल्टची बॅटरी भरायला बाराही पुरत नाहीत, साडेतेरा ते साडेचौदा लागतात. समोरचा दाब जास्त असल्याशिवाय करंट आत जाणारच नाही. म्हणूनच “१२ व्होल्टचं” म्हणून मिळणाऱ्या पॅनेलमध्ये ३६ सेल एकापुढं एक जोडून मोकळ्या तारांवर २१-२२ व्होल्ट काढलेले असतात. आणि म्हणूनच मध्ये चार्ज कंट्रोलर हवा. नाहीतर भरलेल्या बॅटरीत महिनोन्‌महिने करंट घुसत राहतो, पाणी उडतं, प्लेटा खराब होतात. रात्री पॅनेलमधून उलटा जाणारा करंटही कंट्रोलरच अडवतो. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. कंट्रोलरवर बल्बचं चित्र असलेली टोकं असतात, त्यांना बॅटरी लावू नका. बॅटरीजवळ पॉझिटिव्ह वायरवर फ्यूज हवाच.

पॅनेल काचेमागं डॅशबोर्डवर ठेवायची कल्पना आकर्षक वाटते, पण शेडमधल्या गाडीला तिचा उपयोग नाही. गाडी उघड्यावर असली तरी काच आणि वाकडा कोन मिळून निम्मी वीज खाऊ शकतात, शिवाय बंद गाडीत तापलेलं सिलिकॉनचं पॅनेल दर अंशाला ०.४ टक्क्यांच्या आसपास कमी देतं. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये पिन घालणाऱ्यांनी एक तपासावं: बऱ्याच गाड्यांत चावी बंद केली की ते सॉकेटही बंद होतं. पॅनेल दिवसभर उन्हात तळतं आणि बॅटरीला एक थेंब मिळत नाही.

छपरावर पॅनेल दक्षिणेकडं तोंड करून सतरा-अठरा अंश कलतं ठेवावं, कारण सातारा-सांगलीचे अक्षांशच तेवढे आहेत. ३६ सेल एका माळेत असल्यानं एकावर पक्ष्याची घाण पडली तरी सगळ्यांचा करंट अडतो, तेव्हा अधूनमधून फडकं मारायला कुणीतरी हवं.

अडचण पावसाळ्याची. जत-माणकडं ढगांतूनही बरंच मिळून जातं. पाटण, महाबळेश्वरकडं जून ते सप्टेंबर सूर्य दिसला तर नशीब. दाट ढगात पॅनेल पावपटीवर किंवा त्याहूनही खाली येतं. १९६० मेगावॉटच्या कोयना प्रकल्पाशेजारी बसून दहा वॉटांची चिंता करायची, हाही एक योगच. तिथं मोठं पॅनेल घेण्याआधी दोन्ही उपाय एकत्र करून बघावेत: गाडीची निगेटिव्ह केबल काढायची आणि कंट्रोलर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर ठेवायचा. मग रोजची गरज ०.३-०.४ वर येते, आणि पावपट उन्हातही १० वॉट ती भागवतात. तरी भरवसा नसेल तर २० वॉटचं घ्या.

वायर कायमची बांधू नका. शेडच्या आणि गाडीच्या वायरीमध्ये पुढच्या जाळीजवळ ओढताच सुटणारा कनेक्टर ठेवा, बॅटरीकडच्या बाजूला झाकणाचा. जत्रेच्या घाईत कुणीतरी जोडणी विसरून गाडी बाहेर काढणारच. निदान छपरावरचं पॅनेल मागोमाग येणार नाही.