पहारा ढिला पडतो तेव्हा

२००८ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांना एचआयव्ही शोधल्याबद्दल, आणि हाराल्ड त्सूर हाउझेन यांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असतो हे दाखवल्याबद्दल. शोध वेगवेगळे होते. पण एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सहापट असतो.

यात एचआयव्ही सहसा पेशीला स्वतः कर्करोगाकडे ढकलत नाही. तो सीडी४ या रोगप्रतिकारक पेशी मारत जातो आणि शरीराचा पहारा ढिला पडतो. एचपीव्ही बहुतेकांना कधी ना कधी होतोच, आणि पहारा शाबूत असेल तर एक-दोन वर्षांत बहुधा निघूनही जातो. नसेल, तर मुक्काम ठोकतो. त्याचं ई६ हे प्रथिन आपल्या पी५३ प्रथिनाचा नाश घडवून आणतं. डीएनए बिघडलेल्या पेशीला थांबवणारं प्रथिन ते हेच. दुसरं, ई७, पेशीविभाजनाला लगाम घालणाऱ्या आरबी प्रथिनाला निकामी करतं. लगाम नाही आणि थांबवणारंही कुणी नाही, अशी पेशी वाढतच राहते.

बाकीच्या विषाणूंची कथाही याच वळणाची. नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात निपचित पडून असलेला एपस्टाइन-बार विषाणू लिम्फोमाला, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाला, कारण ठरू शकतो, तर हिपॅटायटिस बी आणि सी यकृताच्या कर्करोगाला. १९८१मध्ये न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या तरुण पुरुषांत दिसलेल्या कापोसी सार्कोमा या कर्करोगाने डॉक्टर चक्रावले होते. त्यामागचा विषाणू युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांना १९९४मध्ये सापडला.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीला रोखणारी औषधं आली, सीडी४ पेशी सावरल्या आणि कापोसी सार्कोमाचं प्रमाण झपाट्याने घसरलं. एचपीव्हीचे कर्करोग मात्र तेवढे हटले नाहीत, कारण उपचार सुरू होईपर्यंत पेशींत बिघाड रुजलेला असू शकतो. म्हणून रोजची गोळी चुकवायची नाहीच, पण तेवढ्यावर थांबायचंही नाही.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की गर्भाशयमुखाचा कर्करोग व्हायला वर्षं लागतात. म्हणजे त्याला वाटेतच गाठायला वेळ असतो, आणि तरीही बायका त्याने जातात. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांची एचपीव्ही तपासणी पंचविसाव्या वर्षापासून, दर ३ ते ५ वर्षांनी व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गुदद्वाराच्या कर्करोगाबाबतही २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँकर चाचणीत स्पष्ट दिसलं: कर्करोगाआधीच्या गंभीर बदलांवर वेळीच उपचार केलेल्यांमध्ये, नुसत्या देखरेखीखाली असलेल्यांपेक्षा, त्याचं प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी होतं.