मशीन पोटात की पाठीवर : छोट्या बोटींच्या इंजिनांची पार्श्वभूमी

नवी मुंबईत ऐरोलीला, ठाणे खाडीच्या काठी, ओहोटीला उभं राहिलं की दोन तऱ्हेच्या होड्या शेजारी शेजारी दिसतात. एक कोळ्यांची लाकडी होडी, चिखलात टेकलेली. तिचं डिझेल मशीन पोटात आहे आणि पंखा (प्रोपेलर) तळाखाली गाळात रुतलेला. पलीकडे फायबरची सहलीची बोट. तिचं अख्खं मशीन मागच्या फळीवर टांगलंय आणि तिरकं वर उचलून ठेवलंय, पंखा हवेत. पहिलं इनबोर्ड, दुसरं आउटबोर्ड. हौसेसाठी छोटी बोट घेऊ पाहणारे ‘यातलं चांगलं कुठलं?’ असं विचारतात. नुसत्या अश्वशक्तीवरून याचं उत्तर मिळत नाही. ही मशीनं कुणाच्या गरजेतून आली, ते आधी बघावं लागतं.

पेट्रोलचं मशीन बोटीत आलं ते १८८६ मध्ये. जर्मनीत गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी नेकार नदीवर अशी बोट चालवली. पेट्रोल म्हटलं की लोकांना स्फोटाची भीती वाटायची, म्हणून बोट विजेवर चालते असं भासवायला तिच्यावर तारा आणि चिनी मातीच्या खुंट्या लावल्या होत्या, असं सांगतात. ती भीती अगदीच खोटी नव्हती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती बोटीच्या तळाशी साचून राहते. पेट्रोलचं इनबोर्ड मशीन चालू करण्याआधी आजही ब्लोअरने, म्हणजे हवा खेचणाऱ्या पंख्याने, आतली हवा बाहेर काढतात. डिझेलला हा धोका खूपच कमी असतो, त्यामुळे कामाच्या बोटींमध्ये पुढे डिझेलच रुळलं.

मशीन बाहेर टांगायची कल्पना त्याहून जुनी आहे. गुस्ताव्ह त्रुव्हे यांनी १८८१ मध्ये पॅरिसच्या सेन नदीवर विजेची मोटर, पंखा आणि सुकाणू असा एकत्र, काढता-घालता येणारा संच होडीला लावला होता. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन यांनी १९०५ च्या सुमारास पेट्रोलवरचं तसं मशीन बनवलं. पण ज्याचा आराखडा टिकला ते मशीन ओले एव्हिन्रूड यांचं, १९०९ मध्ये विक्रीला आलेलं. दीड अश्वशक्ती, वजन साधारण २८ किलो. त्यांनी सिलिंडर आडवा ठेवला, क्रँकशाफ्ट, म्हणजे मशीनचा मुख्य फिरणारा दांडा, उभा केला आणि फिरण्याची दिशा वळवणारे गियर खाली, पाण्यात बुडणाऱ्या भागात बसवले. आजचं आउटबोर्ड उघडून पाहा, उभा शाफ्ट आणि खाली गियर हीच मांडणी दिसेल. हे मशीन तळ्यावरच्या वल्ह्याच्या होडीसाठी होतं : घरून उचलून आणायचं, फळीला कसायचं, संध्याकाळी परत न्यायचं.

यांच्या मधला तिसरा प्रकार १९५९ मध्ये व्होल्वो पेंटा या कंपनीने आणला. त्यात मशीन आत आणि पंखा बसवलेला, वळवता येणारा पाय बाहेर. वेग चांगला मिळतो, पण खाऱ्या पाण्यात त्याचे बेलोज, म्हणजे जोडावरची घड्यांची रबरी नळी, सांभाळावे लागतात. फाटले की पाणी आत शिरतं.

आपल्या किनाऱ्यावर कोळ्यांनी पोटातलंच मशीन धरून ठेवलं, आणि त्याला कारणं आहेत. जाळं ओढताना तासन्‌तास कमी वेगात चालायचं तर मोठा पंखा आणि सावकाश फिरणारं डिझेल मशीनच हवं. मच्छीमार संस्थांच्या सभासदांना डिझेलवरच्या कराचा परतावाही मिळतो. पंख्याचा शाफ्ट तळातून बाहेर पडतो तिथल्या ग्लँडमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या जोडातून, थेंब थेंब पाणी आलं तर त्यातलं पॅकिंग आवळून गडी पुढे निघतो. केरळात मात्र होडी वाळूवर ओढावी लागते, तिथे ऐंशीच्या दशकात रॉकेलवर चालणारी आउटबोर्डं झपाट्याने पसरली.

ठाणे खाडीत सहलीच्या बोटीला मी आउटबोर्डच सुचवीन. मोठ्या उधाणाला इथलं पाणी चार मीटरपर्यंत चढतं-उतरतं, आणि ओहोटी लागली की बघता बघता मधे चिखलाची पाठ वर येते. इनबोर्डचा पंखा तिथे अडकला की पुढच्या भरतीपर्यंत बसून राहा. आउटबोर्ड वर उचलता येतं, आणि पंख्यात प्लॅस्टिकची पिशवी गुंतली तर बोटीत बसूनच ती सोडवता येते. ही पिशवी इथे रोजची.

पण ते फोर-स्ट्रोकच असावं, म्हणजे पेट्रोलमध्ये तेल मिसळावं न लागणारं. जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डांमध्ये तेल मिसळलेल्या पेट्रोलचा जवळपास पाव हिस्सा न जळताच धुराबरोबर पाण्यात जायचा. मागे निळा धूर आणि पाण्यावर इंद्रधनुषी तवंग, हे चित्र मी लहानपणी किती वेळा पाहिलंय. अमेरिकेने १९९६ मध्ये या धुरावर मर्यादा घालणारे नियम केले आणि जगभरच्या कंपन्या फोर-स्ट्रोककडे वळल्या. आपल्या खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. फ्लेमिंगो ज्या चिखलात चोच घालून खातात, त्याच चिखलावर तो तवंग बसायचा.

एक गोष्ट मात्र आउटबोर्डवाल्याने रोज बघावी. मशीन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार सुटते. ती दिसते तोवर थंड करणारं पाणी आत फिरतंय. धार बारीक झाली किंवा थांबली की मशीन लगेच बंद करायचं, कारण बहुतेक वेळा पाणी खेचणारी जाळी गाळाने बुजलेली असते. परवा जेटीवर एक पोरगा बोट लागल्या लागल्या गोड्या पाण्याचा पाइप जोडून मशीन धूत होता. आधी धार काळी आली, मग करडी. ती नितळ होईपर्यंत त्याने पाइप काढला नाही.