केसाला दिशा असते, जट तिथूनच सुरू होते

पेपरात अधूनमधून एक बातमी येते, अमुक गावातल्या बाईची आठ-दहा वर्षांची जट अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी समजूत घालून कापली. बातमी वाचून बरं वाटतं आणि त्यावर लोक काय बोलतात ते ऐकलं की वाईट वाटतं, कारण चांगली शिकलेली माणसंसुद्धा विचारतात की केस आपोआप असे कसे चिकटतील, काहीतरी असणारच. केस आपोआप कसे चिकटतात ते मी स्वतःच्या डोक्यावर बघितलंय, आणि त्याला आठ-दहा वर्षं नाही लागली, १२ दिवस पुरले.

माझे केस गुडघ्यापासून वीतभर वर येतात, सतरा वर्षं वाढवतेय. मला डेंगी झाला तेव्हा मी १२ दिवस आडवी होते, तापात केस कोण विंचरतंय, आईने पहिल्या दिवशी अंबाडा बांधून दिला तो तसाच राहिला. ताप उतरल्यावर सोडायला गेले तर सुटेना. मानेच्या वर मुठीएवढा गोळा झाला होता, हाताला काथ्याच्या पायपुसण्यासारखा लागायचा. शेजारच्या काकू भेटायला आल्या, त्यांनी हात लावून बघितलं आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "अगं, कात्री लावू नकोस हं लगेच, देवीचं असतं, आधी कुणाला तरी विचारा." काकूंचा माझ्यावर जीव आहे, त्या काळजीनेच बोलल्या. पण तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की जटेची भीती कुठे लांब खेड्यात नाही, आमच्याच जिन्यात आहे.

आता मुद्द्याचं. केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे जास्तीत जास्त मिलिमीटरचा दहावा भाग. आत केराटिन या प्रथिनाच्या तंतूंचा जुडगा असतो, केसाची ताकद ती. त्याच्यावर खवल्यांचं वेष्टन असतं त्याला क्यूटिकल म्हणतात, चपट्या मेलेल्या पेशी एकावर एक बसलेल्या, पाच ते दहा थर, आणि एकेक थर जेमतेम अर्ध्या मायक्रॉनचा. हे खवले मंगलोरी कौलांसारखे रचलेले असतात, प्रत्येकाची मुळाकडची बाजू वरच्या कौलाखाली दाबलेली आणि टोकाकडची कड मोकळी. मुळाकडून टोकाकडे बोट नेलं तर घसरतं, उलटं नेलं तर कडांना अडतं. कोळीण मासा साफ करताना शेपटीकडून डोक्याकडे सुरी फिरवते ना, त्याचं कारण हेच, खवल्याची मोकळी कड शेपटीकडे असते.

हे पटत नसेल तर एक प्रयोग करा, मी दिसेल त्या पोराला हा करायला लावते. विंचरताना गळलेला एक लांब केस घ्या, मुळाच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो तो बघून ठेवा. केस अंगठा आणि तर्जनीमध्ये हलका धरा आणि दोन्ही बोटं एकमेकांवर केसाच्या लांबीच्या दिशेने पुढेमागे घासा. केस चालायला लागतो! आणि चालतो तो नेहमी एकाच बाजूला, मूळ पुढे आणि टोक मागे. केस उलटा धरा, तो उलट्या बाजूला चालेल. बोट जेव्हा टोकाकडे सरकतं तेव्हा ते कडांवरून नुसतं घसरतं, केस जागचा हलत नाही, आणि बोट मुळाकडे येतं तेव्हा कडांमध्ये अडकतं आणि केसाला ओढत घेऊन येतं. सायकलच्या मागच्या फ्रीव्हीलसारखं, एका बाजूला मोकळं फिरतं आणि दुसऱ्या बाजूला पकडतं. कितीही पुढेमागे घासा, केस मागे जाणार नाही.

हे एवढं डोक्यात बसलं की जट समजली.

डोक्यावरचा केस मुळाशी घट्ट आहे, त्यामुळे तो चालू शकत नाही. पण आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातले रोज ५० ते १०० गळतात, सगळ्यांचेच, हा आजार नाही. आपण रोज विंचरतो म्हणून ते फणीत येतात. मी १२ दिवस विंचरलं नव्हतं, म्हणजे ६०० ते १,२०० केस मुळापासून सुटून त्या अंबाड्यातच राहिले होते. आता उशीवर मान इकडे, मान तिकडे, प्रत्येक हालचालीला अंबाडा दाबला जातो, सुटतो, घासला जातो. म्हणजे बोटांचा तोच प्रयोग, फक्त हजार केसांवर आणि दिवसरात्र. सुटलेला प्रत्येक केस मूळ पुढे करून आत आत शिरत जातो, शिरताना वाटेत वळतो, वळला की त्याची दिशा शेजारच्या केसांच्या उलट होते आणि मग कडेला कड अडकते. तो अडकला की त्याच्याभोवती दुसरा गुंडाळतो आणि गाठ प्रत्येक हालचालीने घट्टच होते, सैल होण्याची वाटच नसते कारण कुठलाच केस मागे येत नाही. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात साबण लावून चोळला की आटून बाळाच्या मापाचा होतो ते याच कारणाने, आणि काश्मिरी नमदा न विणता नुसती लोकर ओली करून, दाबून, लाटून बनतो तोही याच गुणावर. जट म्हणजे डोक्यावर तयार झालेला नमदा!

यात अजून एक गोष्ट आहे आणि मला ती सगळ्यात जास्त आवडते. खवल्यांच्या बाहेरच्या बाजूला चरबीचं एक इतकं पातळ पटल असतं की त्याची जाडी एका रेणूएवढीच. त्याचं नाव १८-मिथाइल आयकोसॅनॉइक आम्ल, नावाला घाबरू नका. हे पटल वरून लावलेलं तेल नाही, त्याचा प्रत्येक रेणू गंधकाच्या अणूमार्फत खवल्यातल्या प्रथिनाला रासायनिक बंधाने, त्याला थायोएस्टर बंध म्हणतात, जोडलेला असतो, आणि त्याची लांब शेपटी ब्रशच्या केसासारखी बाहेर उभी असते. त्यामुळे केस केसावरून सरकतो आणि पाणी अंगावर ठरत नाही. साध्या शाम्पूने हा बंध तुटत नाही. पण ब्लीच, पर्मिंग असल्या अल्कधर्मी प्रक्रियेत तुटतो, आणि ऊन, घासणं, वर्षानुवर्षांची धुलाई यानेही हळूहळू झिजत जातो. एकदा गेला की गेला, कारण केस ही मेलेली वस्तू आहे, ती स्वतःला दुरुस्त करत नाही. पटल गेलं की पृष्ठभागावर ऋण प्रभार वाढतो, केस पाणी धरायला लागतो, घर्षण वाढतं, खवल्यांच्या कडा उचलल्या जातात आणि टोकांचा गुंता मुळांपेक्षा कितीतरी जास्त होतो. कंडिशनरमध्ये धन प्रभाराचे रेणू असतात ते नेमके या झिजलेल्या ऋण जागांवरच जाऊन चिकटतात, म्हणून कंडिशनर टोकांना लावायचा, टाळूला नाही.

आणि टोकांचं वय किती ते कुणी मोजतच नाही. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला पंधरा. एक मीटर लांब केसाचं टोक जवळजवळ सात वर्षांचं असतं, माझी भाची दुसरीत आहे आणि माझ्या केसांची टोकं तिच्या वयाची आहेत. सात उन्हाळे, सात पावसाळे, काहीशे वेळा धुणं, हजारो वेळा विंचरणं त्या टोकाने सोसलंय. म्हणून मला कुणी विचारलं की केस वाढायला काय लावता, तर मी सांगते की वाढायला काहीच लावत नाही, वाढ मुळाच्या हातात आहे, मी फक्त टोकं म्हातारी होईपर्यंत टिकवते.

मुळाच्या हातात म्हणजे काय, तर प्रत्येक केसाचा वाढीचा काळ ठरलेला असतो, बहुतेकांचा दोन ते सात वर्षं, मग दोन-तीन आठवडे आवराआवर आणि साधारण तीन महिने विश्रांती, त्यानंतर तो गळतो आणि तिथेच नवा येतो. वाढीचा वेग गुणिले वाढीचा काळ, एवढीच तुमच्या केसाची कमाल लांबी. चीनच्या शिये च्युपिंग या बाईंनी १९७३ पासून केस कापले नाहीत आणि २००४ मध्ये गिनेसने ते मोजले तेव्हा ५ मीटर ६२.७ सेंटिमीटर भरले. भागाकार करा, वर्षाला अठरा सेंटिमीटर, म्हणजे वेग आपल्यापेक्षा थोडासाच जास्त, पण वाढीचा काळ तीस वर्षांचा! प्रयागराजच्या स्मिता श्रीवास्तव यांचे केस २०२३ मध्ये २३६.२२ सेंटिमीटर मोजले गेले, त्यांचाही वाढीचा काळ असाच लांब असणार. हा काळ कुठलंही तेल, कांद्याचा रस किंवा तांदळाचं पाणी लांबवून देत नाही. बायोटिनच्या गोळ्यांचं तर फारच माजलंय, अंगात बायोटिन कमी नसेल तर त्यांचा केसाला उपयोग होतो असा चांगला पुरावा नाही, आणि जास्त बायोटिनमुळे रक्ताच्या काही तपासण्या चुकीच्या येतात, हार्ट अटॅक ओळखायच्या ट्रोपोनिन टेस्टसकट, हा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच दिलाय. तुम्ही घेत असाल तर टेस्टच्या आधी डॉक्टरांना सांगाच.

तेलाबद्दल मात्र आपल्या आज्यांचं बरोबर होतं, फक्त कारण वेगळं होतं. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल अशी तीन तेलं केसांना लावून, धुऊन, विंचरून केसातून किती प्रथिन निघून जातं ते मोजलं. फरक फक्त खोबरेल तेलाने पडला. (ते खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीतच काम करत होते हे लक्षात ठेवूनच वाचायचं, पण तेल खरंच आत जातं हे वेगळ्या पद्धतीनेही दिसलंय.) खोबरेलात जवळजवळ अर्धं लॉरिक आम्ल असतं, बारा कार्बनची सरळ आणि आखूड साखळी, ती केसाच्या आत शिरते. सूर्यफुलाच्या तेलाचे रेणू दुहेरी बंधामुळे वाकलेले आणि मोठे, ते बाहेरच राहतात. आत तेल असलं की केस पाणी कमी पितो. केस भिजला की त्याच्या वजनाच्या साधारण तीस टक्के पाणी शोषतो आणि जाडीला फुगतो, फुगला की खवल्यांच्या कडा उचलतात, वाळला की परत बसतात, आणि हे शेकडो वेळा झालं की कौलं फुटायला लागतात. म्हणून तेल न्हाण्याच्या आधी, न्हाऊन झाल्यावर चोपडून काय उपयोग!

बाकीच्या सवयी खवल्यांच्या हिशोबानेच लागल्या. ओले केस विंचरत नाही, कारण ओला केस रबरासारखा ताणला जातो आणि ताण जास्त झाला की परत मूळच्या लांबीवर येत नाही. केस टॉवेलने घासत नाही, जुन्या सुती पंच्यात दाबून टिपते. गुंता टोकाकडून सोडवत वर जाते, आधी शेवटची वीत, मग त्याच्या वरची, जाड दातांच्या कंगव्याने. झोपताना सैल वेणी, घट्ट नाही, वर्षानुवर्षं घट्ट वेणी घातली तर कपाळावरचे केस कायमचे विरळ होऊ शकतात आणि शाळेतल्या मुलींच्या आयांना मी हे आवर्जून सांगते. एकदा लग्नाच्या गडबडीत एका पार्लरमध्ये ओलसर केसांवरच गरम मशीन फिरवून घेतलं होतं, चर्र असा आवाज आला आणि वाफ निघाली, केसाच्या आतलं पाणी उकळून तिथे बुडबुडे होतात आणि केस तिथेच तुटतो. चार बोटं लांबीचे तुकडे दोन महिने गळत होते. चूक माझीच, ओले आहेत हे मला माहीत होतं.

जटेकडे परत येते. एकदा गोळा झाला की फणी आत जात नाही, फणी नाही म्हणून गळलेले केस आतच राहतात, धुतलं तर लवकर वाळत नाही, घाम, कोंडा, धूळ साठते, उवा होतात, आणि वर हळदकुंकू लावून पूजा. मान दुखते, रात्री कुशीवर झोपता येत नाही, आणि मुलगी लहान असली तर तिला देवीला सोडायची बोलणी सुरू होतात. अंनिसच्या पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी अशा दोनशेहून जास्त बायकांना जटेतून मोकळं केलंय. कापण्यापेक्षा समजूत घालायलाच जास्त वेळ लागतो, कारण कापलं तर घरावर संकट येईल ही भीती. अगदी हीच भीती पोलंडमध्ये होती, तिथे जटेला कोल्तुन म्हणायचे, कापली तर माणूस आंधळा होईल, वेडा होईल असं मानायचे, आणि एकोणिसाव्या शतकात क्राकूवच्या युझेफ डिट्ल या डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली. दोन देश, देव वेगळे, भाषा वेगळ्या, खवले तेच.

माझा गोळा सोडवायला तीन संध्याकाळी लागल्या. आईने वाटीभर खोबरेल कोमट करून आत जिरवलं, रात्रभर ठेवलं आणि मग स्वेटरची सुई घेऊन गोळ्याच्या खालच्या कडेपासून एकेक बट सोडवत वर गेली, कात्री फक्त दोन ठिकाणी लागली. निघालेले केस ती मांडीवरच्या वर्तमानपत्रावर ठेवत होती. तिसऱ्या दिवशी काकू आल्या तेव्हा कागदावर चांगला पुंजका जमला होता, मी त्यातले काही केस काढून खिडकीच्या उजेडात धरले, एकेकाच्या टोकाला पांढरा ठिपका. म्हटलं, काकू, हे तुटलेले नाहीत, हे गळलेले, रोजच गळतात तसे, बाहेर पडायला वाट नव्हती म्हणून आत राहिले. काकूंनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं, मग त्यातला एक केस उचलला आणि विचारलं, "तो बोटांचा प्रयोग काय म्हणत होतीस तू?"