केस स्टडी म्हणजे यशोगाथा नव्हे

गेल्या महिन्यात एका मॅनेजमेंट कॉलेजात मुलांची सादरीकरणं तपासायला गेलो होतो. विषय 'केस स्टडी'. दिवसभरात अकरा गट आले, त्यातले चार मुंबईचे डबेवाले घेऊन. पहिल्या स्लाइडवर पांढरी टोपी, दुसरीवर डबेवाल्यांना भेटलेले ब्रिटनचे तेव्हाचे प्रिन्स (आताचे राजे) चार्ल्स, तिसरीवर 'सिक्स सिग्मा सर्टिफाइड' आणि शेवटी 'यातून आपण काय शिकलो': वक्तशीरपणा, टीमवर्क, निष्ठा. मी विचारलं, "यात निर्णय कुणी घ्यायचाय?" मुलं एकमेकांची तोंडं बघायला लागली.

(जाता जाता: सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाखांत ३.४ चुका, हे मोजमाप आहे. 'डबेवाल्यांना फोर्ब्सने सर्टिफिकेट दिलं' असं जो तो छातीठोकपणे सांगतो. अहो, फोर्ब्स हे मासिक आहे, ते दाखले वाटत नाही.)

मुलांनी आणली होती ती यशोगाथा. यशोगाथा तुम्हाला पाठ आहे, तेव्हा तिच्यावर फार वेळ घालवत नाही. गरिबी, सायकल, चार नकार, एक कल्पना, आणि आज कोट्यवधींची उलाढाल. वाचायला मलाही आवडते. फक्त तिला केस म्हणू नका.

केसमध्ये तक्ते जास्त, भाषा रुक्ष, पानं पंचवीस, हे फरक वरवरचे. हार्वर्डची १९२१ सालची पहिली केस एका बूट कंपनीची होती आणि जेमतेम पानभर होती. 'यशोगाथा यशाची, केस अपयशाचीही' हेही उत्तर नेहमी येतं, तेही चुकीचं. टाटांची नॅनो २००८ साली लाखाची गाडी म्हणून जगासमोर आली, २०१८ साली तिचं उत्पादन थांबलं, आणि 'गरिबांची गाडी म्हणून विकली म्हणून पडली' या एका वाक्यात आपण तिचा निकाल लावतो. ती अपयशगाथा झाली. तिथेही शेवट आधी ठाऊक असतो आणि कारणं मागाहून चिकटवलेली असतात. कंपन्यांच्या वेबसाइटवर 'आमच्या केस स्टडीज' असतात, त्या तर सरळ जाहिराती.

खरा फरक एकच आहे: वाचणारा कुठे उभा आहे? गाथेत तो निकालानंतर उभा असतो, केसमध्ये निर्णयाच्या आदल्या दिवशी. ऐकायला सोपं वाटतं, पण गोची इथेच होते. म्हणून एकच गोष्ट दोन्ही तऱ्हांनी सांगतो.

निरमा. गाथा अशी: करसनभाई पटेल नावाचे रसायनतज्ज्ञ १९६९ साली अहमदाबादेत घरच्या घरी धुण्याची पावडर करतात, सायकलवरून दारोदार विकतात. सर्फ किलोला तेरा रुपयांच्या आसपास, निरमा तीन-साडेतीन. पुढे घराघरात पिवळी पावडर. धडा: भाव कमी ठेवा, गिऱ्हाईक आपोआप येतं. हा धडा घेऊन दुकान टाकलेले आणि दोन वर्षांत शटर ओढलेले लोक मला ठाऊक आहेत.

आता केस. तुम्ही करसनभाई नाही. १९८०च्या दशकाची सुरुवात आहे आणि तुम्ही हिंदुस्थान लीव्हरमध्ये सर्फ सांभाळता. इतकी वर्षं कंपनीत सगळे म्हणत आले, 'निरमावाला आपला गिऱ्हाईकच नाही.' आता विक्रीचे आकडे वेगळं बोलतायत. उद्या बैठक आहे. काय सांगाल?

सर्फचा भाव उतरवाल? सर्फ मोठ्या यंत्रांवर, संघटित कामगारांच्या हातून, अबकारी (कारखान्यातल्या मालावरचा कर) भरून तयार होतो. निरमा विजेशिवाय हाताने कालवलेला, त्यामुळे अबकारीतही सवलत. तुम्ही कितीही उतरलात तरी तीनवर पोचत नाही, आणि जे आज मुकाट तेरा देतायत त्यांच्याकडूनही कमी घेऊन बसाल.

मग जाहिरात? ती लीव्हरने केलीच. सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी भाजी घेता घेता सांगतात की अर्धा किलो सर्फ म्हणजे स्वस्तातली एक किलो पावडर. युक्तिवाद ऐकायला बिनतोड. पण तो कुणासाठी? दोन पुडे हातात घेऊन तोलणाऱ्या बाईसाठी. जिला एकरकमी तेवढे पैसे टाकणंच जमत नाही, तिच्यासाठी हा हिशोब बरोबर धरला तरी निरुपयोगी आहे.

थांबायचं का? निरम्याने हात चरचरतात, ही तक्रार होतीच. सवलत आज ना उद्या जाईल, बाया परत येतील. हाही पर्याय मूर्खपणाचा नव्हता. तो आज मूर्खपणाचा वाटतो, कारण शेवट तुम्हाला ठाऊक आहे. टाकून दिलेला पर्याय शहाण्या माणसाला तेव्हा का पटला असता, हे सांगता आलं की समजायचं, केस वाचली. गाथेत हे पर्याय नसतातच, आणि असले तर 'लोकांनी वेड्यात काढलं' एवढ्यापुरतेच.

की नवा स्वस्त ब्रँड काढायचा? ठीक, पण करायचा कुठे? आपल्याच कारखान्यात केला तर खर्च तोच. गावागावात पोचवणार कोण? आणि तो आपल्याच सर्फला खाणार नाही कशावरून? मार्केटिंगची म्हणून उघडलेली ही फाइल इथे कारखान्यात, पगारपत्रकात आणि वितरकांच्या टेम्पोत शिरते. केसचा मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. 'मार्केटिंग वेगळं, मॅनेजमेंट वेगळं' ही विद्यापीठाच्या पेपरांची सोय आहे. लीव्हरच्या त्या टेबलावर दोन्ही एकच प्रश्न होते.

लीव्हरने पुढे व्हील काढला. तोही निराळ्या खर्चाच्या घडीवर, विकेंद्रित उत्पादन ठेवून. त्या मोहिमेचं नाव 'स्टिंग', 'निरम्याची वाढ रोखण्याचा डावपेच' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचं लघुरूप. पण हे मी मुद्दाम शेवटी सांगितलं. वर्गातही केसचा 'अ' भाग (निर्णयापर्यंतची गोष्ट) वाटतात, तासभर भांडू देतात, मग 'ब' भाग (पुढे काय झालं ते) देतात. मुलं मोबाइलवर 'ब' आधी शोधून येतात आणि मान वर करून म्हणतात, "सर, कंपनीने काळाची पावलं ओळखली." या वाक्याला मी शून्य देतो. कुठली पावलं, कुणी, कशावरून ओळखली?

आता त्या डबेवाल्यांकडे येऊ. त्यांची केस करायचीच असेल तर प्रिन्स चार्ल्स काढून टाका आणि मुकादमाला आणा. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये लोकल बंद, ऑफिसं बंद, माणसं मावळात, खेडला घरी. पुढे ऑफिसं उघडली, पण कित्येक गिऱ्हाइकं आठवड्यातून तीनच दिवस जाणार. आजवरची रीत महिन्याच्या पैशांची. गिऱ्हाईक म्हणतं, जेवढे दिवस डबा तेवढेच पैसे. मंगळवारी माणसाकडे पस्तीस डबे, शुक्रवारी बारा. लोकलचा पास तोच, सायकल तीच, वेळ तीच. महिन्याचे घ्यायचे की डब्यामागे?

चौथ्या गटाला मी हाच प्रश्न टाकला. तिघं लगेच 'ॲप काढू' म्हणाले. मागे उभी असलेली एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, पैशांचं नंतर बघू. शुक्रवारी बाराच डबे म्हणून गडी आलाच नाही, तर ते बारा कोण उचलणार?"

टोपीची स्लाइड तिने तोवर बंद केली होती.